कोणाच्या बाजूला कोण

१६५९ साली अफझलखान वाईच्या रोखाने निघाला तेव्हा विजापूरची फर्माने मावळच्या देशमुखांकडे सुटली. रोहिडखोऱ्यात, म्हणजे आजच्या भोर तालुक्यात, कारीचे जेधे आणि उत्रवळीचे खोपडे अशी दोन मातब्बर घराणी होती. मुलूख एक, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार एक आणि येणारे संकटही एकच. कान्होजी जेधे मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडून त्यांच्या बाजूला उभे राहिले. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. रोहिडा, तोरणा, राजगड या भोर-वेल्ह्याच्या किल्ल्यांची नुसती यादी दिली तर स्वराज्याचा इतिहास कळत नाही. कोण कोणाच्या बाजूला उभा राहिला हे कळले तरच तो उलगडतो.

कर्करोगाच्या संशोधनाला हेच शहाणपण यायला बराच काळ लागला. आधी यादी झाली: हे जनुक कर्करोग घडवते, ते आवरते. पुढे लक्षात आले की, जनुकांवर हुकूम चालवणारी प्रथिने एकटी फारसे काही करत नाहीत. त्यांच्या शेजारी कोणते दुसरे प्रथिन येऊन बसते, त्यावर निकाल ठरतो. या उलगड्यातला एक महत्त्वाचा भाग भोरपासून पन्नासेक किलोमीटरवर, पुण्याच्या गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात घडला. २००० नंतरच्या दशकात तिथल्या एकाच संस्थेत दोन गट दोन प्रथिनांच्या मागे लागले होते. ती दोन्ही प्रथिने डीएनएच्या एकाच तुकड्यावर बसू शकत होती. त्यांतले एक गाठ आवरणारे ठरले, दुसऱ्यावर गाठ फैलावण्याचा आरोप आला.

माणसाच्या प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळून केंद्रकात कोंबलेला असतो. त्यात प्रथिने घडवणारी सुमारे वीस हजार जनुके आहेत. कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी कोणते जनुक चालू व्हावे, हे ठरवणाऱ्या प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ही प्रथिने डीएनएवरची ठरावीक अक्षरे ओळखून तिथे चिकटतात. पुढचे काम मात्र बहुतेक वेळा बोलावून आणलेले साथीदार करतात. एचडॅक हे विकर हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट काढून टाकते, गुंडाळी घट्ट होते आणि जनुक बंद पडते. अ‍ॅसिटिल गट चढवणारी विकरे उलट काम करतात, गुंडाळी सैलावते आणि जनुक बोलू लागते. काही फॅक्टर तर जोडीशिवाय डीएनएला नीट धरूही शकत नाहीत. अनेक कर्करोगांत बेफाम होणाऱ्या मिक या प्रथिनाला मॅक्स नावाचे जोडीदार प्रथिन लागते, हे १९९१ मध्ये सिअ‍ॅटलच्या एलिझाबेथ ब्लॅकवुड आणि रॉबर्ट आयझेनमन यांनी दाखवले.

या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले प्रथिन पी-५३. त्याचा शोधच मुळी जोडीदारामुळे लागला. एसव्ही-४० हा माकडांमधला विषाणू प्राण्यांच्या पेशी कर्करोगी करतो. त्याचे टी-अँटिजेन हे प्रथिन अँटिबॉडीने पेशीच्या रसातून ओढून काढले की, त्याला घट्ट धरून पेशीचे स्वतःचे एक प्रथिनही बाहेर येई. जेलवर त्याचे वजन सुमारे त्रेपन्न हजार डाल्टन दिसे, म्हणून नाव पडले पी-५३. लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायनेल क्रॉफर्ड आणि प्रिन्स्टनमध्ये डॅनियल लिन्झर व आर्नोल्ड लेव्हिन यांनी १९७९ मध्ये हे वेगवेगळे नोंदवले. विषाणूच्या संगतीत सापडलेले प्रथिन म्हणून दहा वर्षे ते गुन्हेगारच मानले गेले. १९८९ मध्ये चित्र पालटले. प्रयोगशाळांमध्ये फिरत असलेल्या पी-५३च्या प्रतींत बिघाड होते. निर्दोष पी-५३ गाठ वाढवत नव्हते, ती अडवत होते. विषाणू त्याला धरून ठेवत होता तो त्याचे काम बंद पाडण्यासाठी. आज माहीत आहे की, माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले असते.

मग उरलेल्या निम्म्यांत काय होते? याचे एक उत्तर जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पेशींमध्ये मिळाले. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गाय यांनी हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या. याच हेला पेशी. त्यांच्यात पी-५३चे जनुक शाबूत आहे, तरी प्रथिन जवळजवळ दिसत नाही. या पेशींत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे जनुक शिरलेले आहे. त्या विषाणूचे ई-६ प्रथिन पेशीतल्याच एका प्रथिनाला हाताशी धरते आणि दोघे मिळून पी-५३ला नष्ट होण्यासाठी पाठवतात. ई-६ आणि पी-५३ यांची गाठभेट १९९० मध्ये उघड झाली. १९९२ मध्ये कळले की, विषाणू नसतानाही पी-५३वर अंकुश ठेवणारे एमडीएम-२ हे प्रथिन पेशीत असते. काही गाठींमध्ये त्याचेच प्रमाण भरमसाट वाढते. जनुक न बिघडता केवळ संगत बदलूनही कर्करोग होऊ शकतो, ही गोष्ट आता पुराव्याने उभी राहिली.

जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे शिक्षण घेऊन एक पुणेकर स्त्री भारतात परतली होती. कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, यांचा जन्म १९१७चा. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात, जिथे त्यांचे वडील जीवशास्त्र शिकवत. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. १९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि तिथे रणदिवे यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा घडवली. स्तनांच्या कर्करोगात संप्रेरके आणि आनुवंशिकता यांचा हात कसा असतो, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवता आल्या नाहीत तर त्यांच्या आतली प्रथिने कोणाला धरतात हे पाहताच येत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवण्यासाठी पुण्यात एक केंद्र सुरू केले. पेशींचा साठा करणारे हे केंद्र पुढे नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, म्हणजेच एनसीसीएस, झाले. समित चट्टोपाध्याय इथे आले ते अमेरिकेतल्या एमआयटीतला एक प्रश्न घेऊन. थायमस ग्रंथीत टी-पेशी घडतात तेव्हा त्यांच्या ग्राहक-प्रथिनाचे जनुक कसे उघडते, हा तो प्रश्न. त्या जनुकाजवळ डीएनएचा एक तुकडा आहे. असे तुकडे केंद्रकाच्या आतल्या चौकटीला डीएनए अडकवून ठेवतात, त्यांना मॅट्रिक्स अटॅचमेंट रीजन म्हणतात. या विशिष्ट तुकड्यावर सॅटबी-१ आणि कक्स ही प्रथिने बसतात, हे चट्टोपाध्याय आणि एमआयटीतल्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये छापले. २००० मध्ये त्याच तुकड्यावर बसणारे आणखी एक, तोवर अज्ञात असलेले प्रथिन त्यांनी जाहीर केले आणि त्याला नाव दिले स्मार-१. माणसात त्याचे जनुक सोळाव्या गुणसूत्राच्या टोकाकडे आहे. स्तनांच्या कर्करोगात गुणसूत्राचा नेमका हा भाग बऱ्याचदा गळालेला असतो. त्यामुळे प्रश्न टी-पेशींपुरता राहिला नाही.

पुण्यातल्या गटाने स्मार-१चे जोडीदार शोधायला सुरुवात केली. पद्धत मूळ तीच, पी-५३च्या शोधातली: एका प्रथिनाला अँटिबॉडीने पकडायचे, हलकेच ओढायचे आणि त्याच्याबरोबर कोण येते ते पाहायचे. मग उलट बाजूने, दुसऱ्याला पकडून पहिला येतो का ते तपासायचे. नंतर प्रथिनाचे तुकडे करून नेमका कोणता भाग धरतो ते शोधायचे. २००३ मध्ये उत्तर छापले गेले. स्मार-१ थेट पी-५३ला धरते, त्याला कामाला लावते आणि पेशीचे विभाजन एका टप्प्यावर रोखून धरते. उंदरांमध्ये गाठीची वाढ त्यामुळे लांबली. या शोधनिबंधाच्या लेखकांत संजीव गलांडे यांचेही नाव आहे. त्यांच्याकडे पुढे येऊच. २००५ मध्ये दिसले की, स्मार-१मधला आर्जिनिन आणि सेरीनने भरलेला एक भाग पी-५३ला स्थिर ठेवतो.

त्याच वर्षी दुसरा जोडीदार पुढे आला. सायक्लिन डी-१ हे प्रथिन पेशीला विभाजनाकडे ढकलते आणि स्तनांच्या अनेक गाठींत ते वाजवीपेक्षा जास्त असते. स्मार-१ त्याच्या जनुकापाशी बसते आणि सिन-३ व एचडॅक-१ यांना तिथे बोलावते. एचडॅक-१ आजूबाजूच्या हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट काढून टाकते. ही बंदी जनुकाच्या अलीकडे किमान पाच हजार अक्षरांपर्यंत पसरते. एका जागी बसलेले प्रथिन साथीदाराच्या मदतीने एवढा मोठा पट्टा गप्प करू शकते, हे या कामाचे मोठे फलित होते.

इथवर गोष्ट सरळ होती: स्मार-१ चांगले, पी-५३चे मित्र. २००९ मध्ये त्याच गटाने ती गुंतागुंतीची केली. डीएनएला इजा झाल्यावर पी-५३ जागे होते. इजा दुरुस्त झाली की त्याला पुन्हा शांत करावे लागते, नाहीतर पेशी विनाकारण मरते. त्या वेळी स्मार-१, पी-५३ आणि अंकुश ठेवणारे एमडीएम-२ अशी तिघे एकत्र येतात आणि पी-५३चे काम थंडावते. पुढच्या वर्षी हेही दिसले की, पेशीला मारणाऱ्या बॅक्स आणि पुमा या दोन जनुकांवरचा पी-५३चा ताबा स्मार-१ एकाच प्रकारच्या डीएनए तुकड्यावर बसून सांभाळते. म्हणजे तेच प्रथिन एका वेळी पी-५३ला बळ देते आणि दुसऱ्या वेळी आवरते. तिसरा जोडीदार कोण, त्यावर ते अवलंबून.

आता दुसरे प्रथिन, सॅटबी-१. ते कॅलिफोर्नियात तेरुमी कोही-शिगेमात्सु यांच्या गटाने १९९२ मध्ये ओळखले होते; हा गट पुढे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत गेला. थायमसच्या पेशींत ते केंद्रकात जाळीसारखे पसरते आणि डीएनएचे दूरदूरचे भाग वेटोळ्यांनी जवळ आणून धरते. गलांडे यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पीएच.डी. केल्यानंतर याच बर्कलीच्या गटात काम केले. २००१च्या सुमारास ते एनसीसीएसमध्ये आले आणि सॅटबी-१ पुण्यात पोचले.

त्यांच्या गटाचा प्रश्न असा: एकच सॅटबी-१ काही जनुके बंद ठेवते आणि काही चालू करते, ते कसे? २००५ मध्ये पहिला धागा एचआयव्हीने पुरवला. सॅटबी-१ सहसा एचडॅक-१ला धरून जनुक दाबून ठेवते. एचआयव्हीचे टॅट प्रथिन त्या जोडीतून एचडॅक-१ला बाजूला सारते आणि दाबलेले जनुक उसळते. २००६ मध्ये पेशीची स्वतःची कळ सापडली. सॅटबी-१च्या ठरावीक जागी फॉस्फेट चढला की ते एचडॅक-१कडे झुकते. फॉस्फेट उतरला की अ‍ॅसिटिल गट चढवणारे पीकॅफ हे विकर त्याच्या शेजारी येते आणि सॅटबी-१लाच अ‍ॅसिटिल गट लावून त्याची डीएनएवरची पकड ढिली करते. एका छोट्या रासायनिक बदलाने सोबतीही बदलतो आणि परिणामही. २००७ मध्ये पॅरिसच्या आन देजाँ यांच्या गटाबरोबर केलेल्या कामात पीएमएल या आणखी एका जोडीदाराशी सॅटबी-१चे नाते उलगडले. डीएनएची वेटोळी कशी पडतात हे या दोघांवर ठरते.

तोवर सॅटबी-१ हा मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचा विषय होता. मार्च २००८ मध्ये बर्कलीच्या गटाने 'नेचर'मध्ये खळबळ उडवली. स्तनांच्या आक्रमक कर्करोगपेशींत सॅटबी-१ भरपूर होते. ते काढून टाकल्यावर हजाराहून अधिक जनुकांची चाल बदलली आणि उंदरांत गाठ पसरणे थांबले. मवाळ पेशींत ते भरल्यावर त्या पसरू लागल्या. एका प्रथिनाने साऱ्या पेशीचा कारभार फिरवावा, हे चित्र जबरदस्त होते. पण २०१० मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या गटाने वेगळ्या नमुन्यांवर पाहणी करून सांगितले की, स्तनांच्या कर्करोगात सॅटबी-१ आणि रुग्णाचे भवितव्य यांचा असा संबंध त्यांना दिसत नाही. वाद झडला. प्रथिनाचे नुसते प्रमाण मोजून असे वाद मिटत नाहीत. त्या गाठीत त्याच्या शेजारी कोण आहे, हे त्या मोजणीत येतच नाही.

पुण्यातले उत्तर त्याच वर्षी शेजारच्या दिशेने आले. बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या कडेला पेशींना एकमेकींशी जोडून ठेवते. वाढीचा विन्ट नावाचा संदेश आला की तेच केंद्रकात जाऊन जनुके चालू करते. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत हा संदेश कायमचा चालूच राहतो. बीटा-कॅटेनिनचा ठरलेला जोडीदार टीसीएफ हा फॅक्टर. गलांडे यांच्या गटाने २०१० मध्ये टी-पेशींत दाखवले की, सॅटबी-१ही बीटा-कॅटेनिनला आपल्याकडे ओढून घेते आणि विन्टच्या हुकमावर जनुके चालवते. याच सुमारास गलांडे पाषाणच्या आयसरमध्ये गेले आणि त्या वर्षीचा भटनागर पुरस्कारही त्यांना मिळाला. पुढे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग-संशोधन केंद्रातल्या रीता मुल्हेरकर यांच्यासह त्यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाकडे मोर्चा वळवला. २०१६च्या शोधनिबंधाचा निष्कर्ष असा: विन्टचा संदेश सॅटबी-१ वाढवतो आणि वाढलेले सॅटबी-१ गाठीला पुढे रेटते.

दोन्ही कहाण्या शेजारी ठेवल्या की एक नाव दोन्हीकडे दिसते: एचडॅक-१. स्मार-१ त्याला सायक्लिन डी-१च्या जनुकापाशी नेते आणि पेशीची घाई थांबते. सॅटबी-१ही त्यालाच धरते, पण इतर जनुकांपाशी आणि इतर कामांसाठी. म्हणून एचडॅक बंद करणारे औषध सर्वत्र सारखे उपयोगी पडत नाही. ते वाईट जोडी मोडते तशी चांगलीही मोडते. मोडायची ती नेमकी एक जोडी, हे ध्येय त्यातूनच पुढे आले.

ते साध्य होऊ शकते याची पहिली मोठी साक्ष रक्ताच्या एका कर्करोगाने दिली. अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात पीएमएलचे जनुक तुटून रेटिनॉइक आम्लाच्या ग्राहकाला जोडले जाते. हे जोडप्रथिन एचडॅकच्या टोळीला धरून बसते आणि पेशी प्रौढ होऊ देत नाही. शांघायच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात रुग्णांना रेटिनॉइक आम्ल दिले आणि ते बरे होऊ लागले. कारण पुढच्या दशकात कळले: औषधाने ती टोळी सुटून पडते. २००४ मध्ये पी-५३ आणि एमडीएम-२ यांच्यामधल्या खाचेत बसणारे नटलिन हे रसायन आले. मात्र हा अंकुश निरोगी पेशींतही काढला जातो, त्यामुळे अशा औषधांनी रक्तातल्या पेशी घटतात. २०२१ मध्ये अमेरिकेत बेल्झुटिफान या गोळीला मंजुरी मिळाली. ती हिफ-२ अल्फा या फॅक्टरला त्याच्या जोडीदारापासून दूर ठेवते आणि आनुवंशिक प्रकारच्या मूत्रपिंडाच्या गाठी आक्रसवते. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवर औषध करताच येत नाही, असे जे वर्षानुवर्षे म्हटले जाई, त्याला हे थेट उत्तर होते.

खरे तर ते म्हणणे आधीही पुरते खरे नव्हते. भोर किंवा वेल्ह्याच्या एखाद्या गावातली बाई स्तनातल्या गाठीसाठी पुण्याच्या रुग्णालयात येते. तिच्या तपासणीच्या कागदावर 'ईआर पॉझिटिव्ह' असे असले तर तिला बऱ्याचदा टॅमॉक्सिफेनची गोळी अनेक वर्षे दिली जाते. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, आणि तो ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच आहे. इस्ट्रोजेन त्याला चिकटले की त्याच्या शेजारी जनुक चालू करणारे साथीदार येऊन बसतात. टॅमॉक्सिफेन त्याच जागी शिरून त्याचा एक भाग असा वळवते की, त्या साथीदारांना जागा उरत नाही आणि जनुक बंद ठेवणारे पुढे येतात. हे दाखवणारी रचना १९९८ मध्ये छापली गेली, तोवर गोळी वापरात येऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तोच रिसेप्टर, तीच गोळी, पण गर्भाशयात साथीदार वेगळे असल्याने तिथे तिचा परिणाम उलट, वाढीकडे झुकतो. म्हणून ही गोळी घेणाऱ्या बाईला पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर लगेच कळवायला डॉक्टर सांगतात. गणेशखिंड आणि पाषाणमधल्या त्या दोन दशकांच्या कामाने आणखी दोन प्रथिनांसाठी हाच हिशेब मांडून ठेवला आहे. पुढचे औषध ज्या जोडीवर चालेल, तिची दुसरी बाजू कोणत्या अवयवात आहे, हे आधीच पाहण्याची सोय त्यामुळे झाली.